सीपॅपची भीती दिवसाउजेडी मोडा

स्लीप अ‍ॅप्नियाचा म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा रिपोर्ट हातात पडला की माणूस एएचआयचा आकडा बघतो आणि तिथेच हबकतो. आकडा 38 असेल तर तासाला सरासरी 38 वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, दर खेपेला किमान 10 सेकंद. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यावर तीव्र. पण हे काल रात्री सुरू झालेलं नाही, मोजलं तेवढं आत्ता. 'झोपेतच काही झालं तर?' म्हणून जागत बसण्यात अर्थ नाही. घशात श्वास अडला की मेंदू अर्धवट जागा होऊन तो पुन्हा सुरू करतो, म्हणून तर सकाळी डोकं जड असतं. बीपी, हृदय, पक्षाघात यांचा धोका वाढतो तो उपचाराविना वर्षं काढल्याने. आज रात्रीपेक्षा उद्या दुपारी जपा: डुलक्या येत असतील तर वर्धा रोडवर गाडी चालवायची नाही.

भीती घालवायला कोणी झोपेची गोळी किंवा 'एखादा पेग' सुचवला तर हात जोडा. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. वजन कमी करा, कुशीवर झोपा हे सल्ले चांगलेच आहेत. मात्र तीव्र अ‍ॅप्नियात सीपॅप मशीनऐवजी, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राऐवजी, ते पुरत नाहीत.

मशीन आधी भाड्याने घ्या. मास्क दोन-तीन प्रकारचे लावून बघा.

आता खरी अडचण. बरेच लोक इथेच मशीन कपाटात टाकतात, आणि मीही इथेच अडकलो होतो. मशीन पोचवायला आलेला मुलगा पट्टे करकचून आवळतो, बटण दाखवतो, 'दोन दिवसांत सवय होईल काका' म्हणतो आणि निघून जातो. रात्री दिवा बंद करून तोंडावर मास्क, नाकात हवेचा झोत. छाती धडधडायला लागते, श्वास सोडताच येत नाही असं वाटतं, हात आपोआप मास्क ओढून काढतो. घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' असतील. पण शरीराने 'मास्क म्हणजे गुदमरणं' हा धडा घेतला की समजावून तो जात नाही.

म्हणून पहिल्यांदा मास्क पलंगावर लावायचाच नाही. दुपारी, खुर्चीत बसून, टीव्हीवर मॅच लावा. मशीन बंद, पट्टे मोकळे. मास्क हाताने नाकाशी धरा, बाजूला करा, परत धरा. हात तुमचा आहे, मास्क पाहिजे तेव्हा काढता येतो, हे अंगवळणी पडू द्या. मग मशीन सुरू करून तसंच. दाब सगळ्यात कमी, म्हणजे 4 वर, आणि रॅम्प चालू, म्हणजे दाब हळूहळू चढतो. श्वास सोडताना जड वाटत असेल तर सोडताना दाब उतरवण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्या. श्वास मोजत बसू नका. मोजायला लागलं की तो बिघडतोच. नाकाचा मास्क असताना स्वयंपाकघरातून 'अहो, चहा ठेवू का?' आलं आणि तुम्ही 'हो' म्हणायला तोंड उघडलं, की हवा भस्सकन तोंडातून निघते. दचकू नका, हसा.

माझा एकच कडक नियम: मास्क घाबरून काढायचा नाही, शांत असतानाच काढायचा. पाच मिनिटं बरं वाटलं तर तिथेच थांबा. ओढूनताणून अर्धा तास बसलात आणि घाबरून फेकला, तर सुटका फेकण्यात आहे हेच शरीर शिकतं. खुर्चीत कंटाळा येऊ लागला की पट्टे लावा, मग दुपारची वामकुक्षी, आणि मगच रात्र. याला कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना. इतकं करूनही धडकी भरत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यात कमीपणा नाही.

पट्टे आडवं पडून, मशीन चालू ठेवून बसवा. बसल्या बसल्या नीट वाटणारा मास्क उशीवर गळतो. मग लोक आवळतात, नाकावर वळ उठतो, गळती तशीच.

'लाइन गेली तर गुदमरेन' ही आपल्याकडची मोठी भीती. गुदमरत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड उघडून श्वास घेता येतो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला त्यासाठीच झडप असते. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची डबी, बंद करा, वीज जास्त तोच खातो. मात्र मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत लाइन असेल तेव्हा तो हवाच, नाहीतर नाक सुकून जळजळतं. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्याचे क्षार डबीत साचतात.

रात्री उशिरा सावजी हाणून लगेच मास्क लावू नका. पोटात हवाही जाते, मग दोन्ही मिळून सकाळपर्यंत छळतात.

काही आठवड्यांनी मशीनचं मेमरी कार्ड डॉक्टरांकडे न्या. किती तास वापरलं, गळती किती आणि मास्क लावून एएचआय किती उरला, हे त्यात दिसतं. 5 च्या खाली आला असेल तर उत्तम. नसेल तर दाब बदलून घ्या. स्वतः मेनूत बोटं घालू नका.