परिषदेतलं भाषण शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांपर्यंत कसं पोचवायचं

वाशीत किंवा ठाण्यात शिक्षण-तंत्रज्ञानाची परिषद भरते, तेव्हा ज्यांना तिचा खरा उपयोग ते शिक्षक बहुधा वर्गावर असतात. मग तीन तासांची एकच फाइल ‘परिषद, दिवस पहिला’ अशा नावानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते आणि तशीच पडून राहते. ती उघडली जावी असं वाटत असेल, तर कामाला परिषदेच्या आठवडाभर आधीच लागा.

पहिलं काम परवानगीचं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधली ‘कलावंत’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, डोंबारी, गारुडी यांच्याच पंगतीत तिथे व्याख्यान देणाराही बसलाय. म्हणजे भाषण रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं, तर वक्त्याची संमती लागते आणि ती लेखी असलेली बरी. रेकॉर्ड करणं, नेटवर ठेवणं, कापून तुकडे करणं आणि उपशीर्षकं देणं या चारही गोष्टी तिच्यात स्पष्ट लिहा. ‘तुकडे’ हा शब्द राहिला, तर पुढे वाद होतो तो नेमका त्यावरूनच. स्लाइडमध्ये सिनेमाचं गाणं असेल तर ते काढायला सांगा. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. वक्ते स्वतःच्या वर्गाचे फोटो हौसेनं दाखवतात, तेही आधी बघून घ्या. मुलांचे चेहरे आणि नावं हा वैयक्तिक डेटा आहे आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. संमती नसेल तर चेहरे धूसर करा.

आता आवाज. बहुतेक रेकॉर्डिंग फसतात ती इथे. चित्र थोडं अंधूक असलं तरी शिक्षक बघतात, आवाज घुमला की दोन मिनिटांत बंद करतात. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी ठेवलेला कॅमेरा वक्त्यापेक्षा एसी आणि खुर्च्याच जास्त ऐकतो. सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वक्त्याच्या खिशात एक फोन आणि त्याला जोडलेला कॉलर माइक. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदर, ओढणी किंवा मंगळसूत्र त्यावर घासणार नाही असा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. हॉलच्या मिक्सरमधून आवाज घेणार असाल, तर ती वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका. मिक्सरचा सिग्नल माइकच्या मानानं फार जोरकस असतो, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मध्ये ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज लॅपटॉपला देणारी छोटी पेटी) घ्या, त्याच्या लाइन इनपुटला जोडा आणि सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील एवढी पातळी ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. चित्र आणि आवाज जुळवायला ती उपयोगी पडते. श्रोत्यांचे प्रश्न माइकशिवाय येतातच, म्हणून ‘उत्तराआधी प्रश्न परत म्हणा’ असं वक्त्याला आधीच सांगून ठेवा.

स्लाइड पडद्यावरून शूट करू नका. आदल्या दिवशी त्या मागवा, आणि पीपीटीसोबत पीडीएफही मागवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या लॅपटॉपवर अगम्य चिन्हांसारखं दिसतं, पीडीएफमध्ये सहसा ते जसंच्या तसं राहतं. लॅपटॉपची स्क्रीन ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरनं रेकॉर्ड करा आणि फाइल एमकेव्ही या व्हिडिओ-प्रकारात ठेवा. साध्या एमपी-४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली, तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही मात्र तोवरचं सगळं सांभाळते. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या ‘रीमक्स’नं (म्हणजे फाइलचा फक्त प्रकार बदलून) तिची एमपी-४ करून घ्या.

मग कात्री. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय हे सगळं बाहेर. (आयोजक थोडे रुसतील, रुसू द्या.) पाऊण तासाच्या भाषणाचे सहा ते आठ मिनिटांचे तुकडे करा, एका तुकड्यात एकच प्रश्न. ‘बीजभाषण, भाग ३’ या नावातून काहीच कळत नाही. ‘चौथी, अपूर्णांक: चार मुलांत एक मोबाइल असताना सराव’ असं लिहिलं की चौथीचे शिक्षक लगेच उघडतात. लॉसलेसकट या सॉफ्टवेअरनं झटपट कापता येतं, पण तुकडा नेमक्या ठरलेल्या सेकंदाला न कापला जाता जवळच्या की-फ्रेमला (व्हिडिओत अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्राला) कापला जातो. म्हणून सुरुवात एकदा ऐकून बघा.

फाइलचा आकार कमी करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरा. कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) एच-२६४, चित्राचा आकार ७२० पी, सेकंदाला १५ फ्रेम, व्हिडिओला सरासरी ६०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाज मोनो ६४ केबीपीएस. हिशोब मिनिटाला साधारण ५ एमबी पडतो, म्हणजे सात मिनिटांचा तुकडा ३५ एमबी. स्लाइडवर भर असेल तर एवढं पुरतं. वक्ता मंचभर फिरणारा असेल तर चित्र फुटेल, तिथे व्हिडिओला दुप्पट केबीपीएस द्या. एच-२६५ मध्ये फाइल आणखी लहान होते, पण शाळेतल्या जुन्या टीव्हीवर ती चालेलच असं नाही.

प्रत्येक तुकड्याची नुसत्या आवाजाची फाइलही करा. मोनो ४८ केबीपीएसनं सात मिनिटं अडीच एमबीत बसतात. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात असे चार तुकडे ऐकून होतात. मात्र ‘हा तक्ता बघा’ छापाची वाक्यं त्यातून काढा आणि फाइल आधीच उतरवून घ्यायला सांगा. गाडीत रेंजचा भरवसा धरू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की अ‍ॅप तो पुन्हा दाबून लहान करतं आणि स्लाइडवरचे अनुस्वार, मात्रा गायब होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मर्यादा २ जीबीची आहे. सोबतच्या मजकुरात इयत्ता, मिनिटं आणि एमबी लिहा, कारण शहापूरच्या आतल्या गावात डेटा मोजूनमापून वापरला जातो.

पूर्ण भाषण यूट्यूबवर ठेवा. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायचा तर आधी फोन नंबरनं खातं पडताळावं लागतं. थेट प्रक्षेपण करायचं असेल तर पहिल्यांदा ते सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. ऐनवेळी हे कळणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. वर्णनात वेळा लिहून प्रकरणं पाडता येतात. पहिली वेळ ०:०० च हवी, अशा किमान तीन वेगवेगळ्या वेळा लिहायला हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं हवं, नाहीतर ती दिसतच नाहीत. उपशीर्षकांची एसआरटी फाइल (वेळेसह मजकुराची साधी फाइल) जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. एएनएसआयमध्ये केली, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दाखवायचं असेल तर केंद्रप्रमुखांना एकच तुकडा पेनड्राइव्हवर द्या, फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवून. काही टीव्ही देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दाखवतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे खरी, पण तुमचा व्हिडिओ त्या तासांत आपोआप धरला जात नाही. प्रमाणपत्राचं आमिष दाखवू नका.

चूक नंतर सापडली, तर यूट्यूबवर त्याच लिंकला नवा व्हिडिओ लावता येत नाही. चुकीचा भाग त्यांच्या एडिटरमध्ये कापता येतो, चेहरा धूसर करता येतो आणि लिंक तीच राहते. बदल दिसायला मात्र काही तास लागू शकतात. एखाद्या पालकाची हरकत आली, तर तेवढा वेळ व्हिडिओ ‘खासगी’ करून ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी फाइल पुसायला ग्रुपवर सांगा, कारण तिथून ती तुम्हाला सगळ्यांच्या फोनमधून काढता येणार नाही.