बातमी की पैसे देऊन छापलेला मजकूर?

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचं कौतुक करणारी बातमी दिसली, की त्याच तारखेचं दुसरं दैनिक शेजारी ठेवा आणि दोन्हींतला पहिला परिच्छेद वाचा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रतिस्पर्धी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः आला होता. स्वल्पविरामासकट जुळणारं लिखाण दोन वार्ताहरांना एकाच वेळी सुचत नाही! त्यानंतर 2010 मध्ये भारतीय प्रेस परिषदेने ‘पेड न्यूज’वर अहवाल दिला.

दुसरा पेपर हाताशी नसेल तर बातमीतच शोधा. वार्ताहराचं नाव आहे का? विरोधकाचं एखादं तरी वाक्य? ‘प्रचंड प्रतिसाद’, ‘विजय निश्चित’ असं लिहून सभेला किती माणसं होती हे गाळलं असेल, तर मला तिथेच शंका येते. अक्षरांचा ठसा बाकीच्या पानापेक्षा वेगळा असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात बारीक ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलंय का तेही बघा.

शंका पक्की झाली तर कात्रणावर दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहून निवडणूक काळात जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्या. प्रकरण सिद्ध झालं तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो.