प्रेरणेची प्रश्नावली मराठी खेळाडूंसाठी कशी बसवावी

क्रीडा मानसशास्त्रात पीएचडी करायची आणि विषय किशोरवयीन खेळाडूंची प्रेरणा, तर प्रबंध उभा राहतो तो प्रश्नावलीवर. घाईत केलेलं भाषांतर कबड्डी खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला कळत नाही, तो अंदाजाने खुणा करतो आणि पुढचं सगळं गणित पोकळ ठरतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षं द्यावी लागतात. त्यातले सहा महिने या कामासाठी बाजूला काढा.

उदाहरणादाखल १९९५ ची स्पोर्ट मोटिव्हेशन स्केल, म्हणजे खेळाडू का खेळतो हे मोजणारी इंग्रजी प्रश्नावली, घेऊ. तिचा पाया डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्णय सिद्धांत: माणूस एखादी गोष्ट स्वतःच्या ओढीने करतो की बाहेरच्या बक्षिसासाठी वा दबावाने, याचा तो विचार करतो. विधानं २८, उपश्रेणी (एकेक प्रकारची प्रेरणा मोजणारे विधानांचे गट) ७, प्रत्येकीत ४. भाषांतराला हात घालण्याआधी मूळ संशोधकांची लेखी परवानगी मिळवा.

दोन जणांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या. त्यातला एक रोज मैदानावर असणारा क्रीडाशिक्षक असावाच. दोन्ही मसुदे जुळवा, मग मूळ प्रश्नावली कधीच न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत आणा. अर्थ सरकतो तिथे थांबा. ‘सराव चुकल्यास अपराधी वाटते’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण मुलं असं बोलत नाहीत. ‘सराव बुडवला की मनाला लागून राहतं’ म्हटलं की चेहऱ्यावर ओळख दिसते. म्हणून ८–१० खेळाडूंना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. अडखळले की शब्द बदला.

दहावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण ही आपल्याकडची मोठी बाह्य प्रेरणा आहे. ती सोडू नका, मात्र २८ विधानांत घुसवूही नका; तुलना बिघडते. शेवटी वेगळे प्रश्न ठेवा.

नैतिकता समितीची मंजुरी आधी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागते आणि १२ वर्षांवरच्या मुलांची स्वतःची लेखी सहमतीही. मुख्याध्यापकांच्या सहीने ती गरज भागत नाही. निवासी प्रबोधिनीतल्या मुलांचे पालक लांब असतात, तेव्हा संमतीचा अर्ज दोन-तीन आठवडे आधी पाठवा.

प्रश्नावली सरावाआधी भरून घ्या. सरावानंतर दमलेली, भुकेली मुलं शेवटचं पान एकाच रकान्यात भरतात. निवड चाचणीचा आठवडा टाळा. प्रशिक्षकांना बाहेर थांबायची विनंती करा, कारण ते समोर असले की प्रत्येकजण ‘खेळ मनापासून आवडतो’ असंच लिहितो. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. दोन आठवड्यांनी पुनर्चाचणी घेताना तोच जुळवायचा असतो.

नमुना विधानामागे १० धरला तर २८० खेळाडू. एखाद्या उपश्रेणीचा अल्फा (तिची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली आला तर विधान लगेच गाळू नका. चारच विधानांच्या उपश्रेणीत एक बिघडलं तरी अल्फा घसरतो. उपश्रेणीतल्या उरलेल्या तीन विधानांशी ज्याचा सहसंबंध ०.३० पेक्षा कमी, ते विधान घेऊन पुन्हा पाच-सहा खेळाडूंकडे जा आणि ते त्यांच्याकडून वाचून घ्या. दोष बऱ्याचदा एखाद्याच शब्दात असतो.