बातमी वाचायची तर नकाशा उघडून, माझी पद्धत

रात्री झोपायच्या आधी फोन हातात घेतला की पूर, भांडणं, निवडणुका, कुठे कुणाचं सरकार पडलं, सगळं एकदम अंगावर येतं आणि अर्ध्या तासाने डोकं जड होऊन फोन उपडा ठेवतो आपण, लक्षात मात्र ढिम्म काही राहत नाही. माझं कित्येक वर्षं हेच चालायचं. मग एक सवय लावून घेतली, बातमीत ओळखीचं नसलेलं गाव आलं की वाचणं तिथेच थांबवायचं आणि नकाशा उघडायचा. बास, एवढंच. ते नीट कसं करायचं ते लिहितेय, कारण यात वेळ भरपूर जातो पण तो सत्कारणी लागल्यासारखा वाटतो.

शक्यतो लॅपटॉपवर करा, फोनवर सारखं इकडून तिकडे उड्या मारून कंटाळा येतो. गावाचं नाव टाकलं की नकाशा आपला आपण झूम होऊन थेट गल्लीत नेऊन उभं करतो, तिथून लगेच बाहेर यायचं. शेजारचे दोनतीन देश आणि जवळचा समुद्र दिसेपर्यंत बाहेर. २०२१ च्या मार्चमध्ये ते एव्हर गिव्हन नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं ना, त्याचे मीम्स मीपण खूप फॉरवर्ड केले, पण एवढा गहजब का ते लांबून नकाशा बघितल्यावर कळलं. ती वाट बंद म्हणजे आख्ख्या आफ्रिकेला वळसा! मग जहाजं दाखवणारी मरीनट्रॅफिक उघडली तर कालव्याच्या दोन्ही तोंडांशी ठिपक्यांची गर्दी, साखरेला मुंग्या लागल्यासारखी. सहा दिवस रोज सकाळी चहा घेत तेच बघत होते.

विमानांसाठी फ्लाइटरडार२४ आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी चीनचा विरोध असताना तैवानला निघाल्या तेव्हा त्यांचं विमान त्यावर २९ लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. क्वालालंपूरहून सरळ वर जायचं सोडून ते आधी बोर्निओकडे आणि मग फिलिपिन्सच्या पूर्वेकडून लांबचा फेरा मारत गेलं, दक्षिण चीन समुद्राला बगल देऊन. ती एक वाकडी रेघ बघून जे समजलं ते दहा लेख वाचून समजलं नसतं. फक्त एक ध्यानात ठेवा, हे ठिपके म्हणजे जहाजाने किंवा विमानाने स्वतः सांगितलेला पत्ता. सिग्नल बंद करता येतो, चुकीचाही देता येतो, त्यामुळे ठिपका दिसला नाही म्हणजे तिथे कोणी नाही असं धरून चालू नका.

आणि नकाशावरही डोळे मिटून विश्वास नाही ठेवायचा हं. प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनियाजवळ सँडी आयलंड नावाचं बेट शंभरेक वर्षं नकाशांवर होतं, गूगलवरसुद्धा, आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक जहाज घेऊन तिथे पोचले तर खाली हजार मीटरपेक्षा जास्त खोल पाणी. बेटबिट काही नाही! तसंच सर्चमध्ये ०,० असे अक्षांश-रेखांश टाकून बघा, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात भर समुद्रात जाल. याला गमतीने नल आयलंड म्हणतात. हवामान मोजणारा एक बोया (पाण्यावर तरंगतं यंत्र) तिथे बरीच वर्षं नांगरलेला होता, बाकी जमीन शून्य, पण जगभरात ज्या ज्या नोंदीत पत्ता भरायचा राहिला तिथे कॉम्प्युटर बऱ्याचदा शून्य-शून्य धरतो आणि ते सगळं इथे येऊन पडतं. कुठल्याही नकाशात नेमका इथेच एकुलता एक ठिपका दिसला तर समजा की डेटात घोळ आहे.

तारखांचं पण बघत जा. प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाने २०११ मध्ये वाररेषेची (जिथे तारीख बदलते ती रेषा) बाजू बदलली आणि त्यासाठी ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. तेव्हा बातमीत 'काल' लिहिलं असेल तर कुणाचा काल हे आधी विचारायचं.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली जागा म्हणजे बार्ले. नेदरलँड्समध्ये आत बेल्जियमचे २२ तुकडे आणि त्यातल्या काही तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे तुकडे. सीमांच्या भांडणावर एक लेख वाचत होते त्यात उल्लेख आला, गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर (रस्त्यावरून काढलेले फोटो) उतरले आणि रात्रीचा दीड वाजला. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग, एका बाजूला बी, दुसऱ्या बाजूला एनएल, आणि रांग चालत चालत सरळ कुणाच्यातरी भिंतीत शिरते. घराचं पुढचं दार ज्या देशात तो त्या घराचा देश, आणि एका घराच्या तर दारातूनच रेघ गेलीय म्हणून त्याला दोन नंबर! अशा ठिकाणी घाई करू नका, बाण दाबत पायी फिरल्यासारखं फिरा, घरनंबरांच्या पाट्या वाचा. दोन्ही देशांच्या रंगाच्या वेगळ्या असतात.

आता फोटो. २०१७ मध्ये हार्वी वादळात टेक्ससच्या बुडालेल्या हायवेवर शार्क पोहतोय असा फोटो आला आणि मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला, वर तीन डोळे फाडलेल्या स्मायल्या. भाच्याने दोन मिनिटांत दाखवलं की हाच शार्क २०११ पासून दरेक वादळात हजर असतो, फक्त पाटीवरचं गाव बदलतं. म्हणून फोटो आवडला की आधी टिनआय किंवा गूगल लेन्सवर (तोच फोटो आणखी कुठे आलाय ते शोधणाऱ्या सोयी) टाका आणि सगळ्यात जुनी तारीख शोधा, टिनआयवर जुन्यापासून लावायची सोय आहे. इथवर सगळेच सांगतात. पण २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा व्हिडिओ आला, कुणाच्या परसात साचलेल्या पाण्यात शार्कसारखं काहीतरी वळवळतंय, आणि मी न तपासता ठोकून दिलं, हट, हा आपला जुना शार्क. तो व्हिडिओ खरा निघाला. भाचा अजून चिडवतो. म्हणजे खोटं म्हणायच्या आधीही तेवढंच तपासायचं, हे मला नाक कापून घेऊन कळलं.

बातमीच गायब झाली किंवा मथळा बदलला असं वाटलं तर लिंक वेबॅक मशीनमध्ये (वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणारी साइट) टाका, कॅलेंडर येतं, ज्या तारखेवर ठिपका त्या दिवशीचं पान बघता येतं. भारी पान सापडलं तर तिथेच सेव्ह पण करून ठेवता येतं, सगळ्यांसाठी.

मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवलीय, त्यात तारीख, गावाचं नाव, लिंक आणि कुठून कुठे पोचले ते एका ओळीत. बुकमार्क नकोत, ते परत कोणी उघडत नाही. आत्ता सगळ्यात वरती ट्रिस्टन दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट आहे, विमानतळच नाही, केपटाऊनहून बोटीने आठवडाभर लागतो, आणि पुढे मी लिहिलंय: 'बोटीची बातमी वाचायला गेले, बटाट्याच्या वाफ्यांत फिरतेय, २.१० वाजले.'