पेटीवाल्यांसाठी क्लेफ

मालवण-वेंगुर्ल्याकडचा भजनी पेटीवाला चर्चच्या कॉयरला साथ द्यायला बसला, की पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांपाशी अडतो. कुठली रेघ कुठल्या स्वराची, हे ओळीच्या सुरुवातीची खूण, म्हणजे क्लेफ, सांगते. रेघा नेहमी खालून मोजा. उंच स्वरांच्या ट्रेबल क्लेफचा वळसा दुसऱ्या रेघेभोवती फिरतो. ती रेघ ‘जी’ स्वराची, म्हणजे पेटीची पांढरी पाच पट्टी. खालच्या स्वरांच्या बास क्लेफचे ठिपके चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात. ती रेघ ‘एफ’ची, पांढरी चार. मधला ‘सी’, म्हणजे मधली पांढरी एक, ट्रेबलच्या खाली आणि बासच्या वर, जादा आखूड रेघेवर बसतो. आधी तोच पक्का करा.

हमखास चूक म्हणजे बासची ओळ ट्रेबल समजून वाचणे: तळाची रेघ ट्रेबलमध्ये ई, बासमध्ये जी. सगळे स्वर दोन अक्षरे मागे पडतात. टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाच्या, ट्रेबलखाली बारीक 8 दिसला, तर सप्तकभर खाली वाजवा.