पक्षी उडाला तर हाताशी काय हवं?

पाळलेला पक्षी घराबाहेर जातो तेव्हा आपण म्हणतो, ‘पळून गेला’. खरं तर काहीतरी धाडकन पडलेलं असतं, तो दचकून उडतो आणि समोर नेमकी खिडकी उघडी असते. बाहेर गेल्यावर त्याची सगळ्यात मोठी अडचण असते खाली उतरण्याची. खोलीत वाढलेल्या पक्ष्याला पडद्याच्या दांडीवरून टेबलावर यायचं माहीत असतं. चाळीस फुटांवरून उभं खाली यायची सवय त्याला कधी झालेलीच नसते. आमचा बंड्या, राखाडी कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), झाडाच्या शेंड्यावर बसून माझ्याकडे बघत होता. पुढे झुकायचा, पंख अर्धे उघडायचा, फांदीवरचे पाय बदलायचा आणि परत अंग चोरून बसायचा. तासभर हेच चाललं होतं. मी खालून हाका मारत होते, त्यालाही यायचंच होतं, पण उतरायचं कसं ते सुचत नव्हतं. पुढची सगळी तयारी त्या एका तासातून सुचलेली आहे. ती पक्षी खांद्यावर बसलेला असतानाच करून ठेवायची, कारण तो उडाल्यावर आपलं डोकं चालत नाही.

सुरुवात फोटोंपासून करा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून शेपटी दिसेल असे, उजेडात काढलेले. पायात कडी असेल तर तिच्यावरचा नंबर उतरवून ठेवा. अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाइलवर फोटो काढून मोठा करूनच वाचावी लागतात. वजनही महिन्यातून एकदा लिहीत जा. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचा असतो, बजरीगर (त्याहून लहान पोपट) 30 ते 40चा, त्यामुळे पाच-सात ग्रॅमचा फरकसुद्धा मोठा. आणि एक खूण कुणालाच सांगू नका. डाव्या पायाचं एक नख काळं आहे, असं काहीतरी. ‘तुमचा पक्षी सापडलाय’ असा फोन आला की तीच खूण विचारायची.

मग आवाज. तुम्ही शेजारच्या खोलीत गेलात की पक्षी एक ठरावीक हाक मारतो, तीच रेकॉर्ड करा. थव्यातले पक्षी एकमेकांचा पत्ता घेतात ती ही हाक, ‘कुठे आहेस?’ अशा अर्थाची. आपण मात्र कौतुकाने त्याची शीळ आणि शिकवलेले शब्द टिपून ठेवतो, आणि ऐन वेळी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. घरात दुसरा पक्षी असेल तर रेकॉर्डिंगपेक्षा तो बरा. पिंजऱ्यासकट बाहेर आणून ठेवला की तो आपणहून बोलावतो. मात्र पिंजऱ्याचं दार नीट बंद आहे ना, ते दोनदा बघा.

हाकेला येण्याची सवय हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात मोलाचंही. रोज पाच मिनिटं पुरतात. आधी एका हातावरून दुसऱ्या हातावर, मग खोलीच्या टोकापासून, मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. बहुतेक जण इथेच थांबतात. त्यापुढे उंचावरून खाली यायला शिकवा: कपाटावर बसवून जमिनीशी बसून बोलवा, घरात जिना असेल तर वरच्या पायरीवरून. त्याचा सगळ्यात आवडता खाऊ फक्त या सरावासाठी राखून ठेवा आणि तो नेहमी एकाच डब्यात ठेवा. डबा खुळखुळला की मान वळली पाहिजे.

आता पिंजरा. आमचा मोठा पिंजरा घरातच जोडलेला होता. बंड्या उडाला त्या दिवशी तो उचलून धावले तेव्हा कळलं की तो दारातून बाहेरच जात नाही! तुमचा जातो का, हे आज बघून ठेवा. जात नसेल तर हातात धरून नेता येईल असा छोटा पिंजरा घ्या आणि पक्ष्याला अधूनमधून त्यात खायला घालत जा, म्हणजे तो त्याला परका वाटणार नाही. याच्याबरोबर एक पिशवी भरून दाराशी टांगून ठेवा: खाऊचा डबा, उशीचा पातळ अभ्रा, टॉर्च, दुर्बीण, पाणी, पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. दुर्बीण चैनीची वाटेल, पण हिरवा पक्षी हिरव्या झाडात बसला की पान कुठलं आणि पक्षी कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.

‘आमच्याचे पंख कापलेत’ म्हणून निर्धास्त राहू नका. पिसं झडून नवी येतात, ती कधी पुरेशी वाढली ते आपल्या लक्षातही येत नाही. शिवाय वाऱ्याचा झोत मिळाला तर कापलेल्या पंखांवरही तो बराच लांब जातो आणि मांजर आलं की त्याला झटकन उठता येत नाही. खांद्यावरचा पक्षी विसरून दार उघडणं ही तर नेहमीची गोष्ट. दाराच्या आतल्या बाजूला, कडीपाशी, ‘खांदा बघ’ अशी चिठ्ठी लावा. लोक हसतील. हसू द्या.

आणि उडालाच, तर पहिली पाच मिनिटं नजर त्याच्यावरून काढू नका. एकाने फक्त बघायचं, पिंजरा दुसऱ्याने आणायचा. दिसेनासा झाला तर शेवटचा कुठल्या दिशेला, किती उंचीवर आणि दमलेला होता का, हे लक्षात ठेवा आणि आधी जवळची झाडं धुंडाळा. मधूनमधून पूर्ण गप्प उभे राहा. सतत हाका मारत राहिलात तर त्याचं उत्तर ऐकू येणार नाही.

दिसला की झाडावर चढू नका, काठी किंवा शिडी पुढे करू नका. पाण्याच्या पाइपने भिजवून खाली पाडायचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. मी तो देणार नाही. नेम चुकला तर पक्षी आणखी लांब जातो, आणि तुम्हाला घाबरून. त्यापेक्षा त्याच्या उंचीच्या जवळपास जा: समोरची गच्ची, बाल्कनी, जिन्याची खिडकी. तिरपं उतरणं त्याला जमतं, उभं जमत नाही. बुंध्याशी उभं राहण्याऐवजी थोडं लांब जाऊन उभे राहा. पिंजरा उघडा ठेवून त्याच्या शेजारी बसा आणि त्याला दिसेल असं स्वतः काहीतरी खात राहा. थव्यात एक खाऊ लागला की बाकीचे येतात, त्यातलाच हा प्रकार.

संध्याकाळी तो शेवटच्या हाका मारतो आणि एका जागी ठरतो. अंधार पडल्यावर त्याला उडवू नका. फांदी नीट लक्षात ठेवा, घरी जा, झोपा आणि उजाडायच्या अर्धा तास आधी त्याच झाडाखाली हजर राहा. सकाळी भूक लागलेली असते, त्याच वेळी तो यायची शक्यता चांगली.

रात्रीत पत्रक तयार करा. मोठा फोटो, तीन ओळी, फोन नंबर, बस. जातीच्या नावावर विसंबू नका. कॉकाटीलला लोक कॉकटेल म्हणतात आणि बजरीगरला सर्रास लव्हबर्ड, म्हणून रंग लिहा. पहाटे फिरणारे, वॉचमन, माळी आणि खेळणारी मुलं यांना आधी सांगा. दमलेला माणसाळलेला पक्षी कुठल्याही अनोळखी माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतो, म्हणून डॉक्टरांना आणि प्राण्यांच्या निवारा केंद्रांनाही कळवून ठेवा. ज्याला सापडेल त्याने सोडून देऊ नये, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून फोन करावा, हेही लिहा.

परत आल्यावर कौतुक आवरतं घ्या. ऊब, पाणी, नेहमीचं खाणं आणि शांतता. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर लगेच डॉक्टर. मांजराने नुसतं तोंडात धरलं असेल आणि जखम दिसत नसेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टर, कारण मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी फार लवकर दगावतो. घरात दुसरा पक्षी असेल तर तपासणी होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

बंड्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी समोरच्या गच्चीवर डबा खुळखुळवत उभी होते. त्याने दोन घिरट्या घेतल्या, पुढे केलेल्या हाताकडे साफ दुर्लक्ष केलं आणि थेट माझ्या डोक्यावर उतरला. घरी येऊन काट्यावर बसवला तर 85 ग्रॅम भरला. आठवड्यापूर्वी वहीत 92 लिहिलेले होते.