फाल्गुनातलं आभाळ : संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच कापा

सकाळी गारवा, दुपारी डोकं तापवणारं ऊन आणि चारच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं होत येणारं आभाळ. फेब्रुवारीच्या मध्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस आता असेच जातात. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट चालूच राहिली आणि हाताशी आलेलं पीक डोळ्यांदेखत गेलं. पुढे फेब्रुवारी 2018 आणि मार्च 2023 मध्येही तेच झालं. त्यामुळे या पावसाला अवकाळी म्हणत असलो, तरी तो येणारच असं धरून कामं आखावीत.

काश्मीर-हिमाचलात मोठी बर्फवृष्टी झाल्याची बातमी आली की आपणही कान टवकारावेत. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तिकडे बर्फ पाडतात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आपल्याकडे ओढलं गेलं, तर वरची थंड हवा आणि खालची तापलेली दमट हवा मिळून विदर्भ, मराठवाडा, खानदेशात गडगडाटी ढग उभे राहतात. प्रत्येक वेळी असं होत नाही. म्हणून हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा रोज सकाळी बघा. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो. दुपारनंतर मात्र पुढच्या तीन तासांचा इशारा जास्त कामाचा.

आता मुख्य गोष्ट. उभ्या पिकापेक्षा कापून पसरलेल्या पिकाचं नुकसान जास्त होतं, हे मी दरवर्षी बघतो. पावसाचा अंदाज ऐकला की आपण घाबरून सगळा हरभरा एकदम उपटतो, मजूर मिळाले म्हणून चार एकर आडवे करतो आणि मळणीयंत्र तिसऱ्या दिवशी येतं. मधल्या दोन रात्रींत पाऊस गाठतो. यंत्र आणि ताडपत्री हाताशी असेल तेवढंच रान कापा. पीक पूर्ण वाळलेलं असेल आणि इशारा दोन दिवसांनंतरचा असेल, तर हार्वेस्टर लावून थेट दाणे घरी आणा. इशारा आजचाच असेल तर विळा बाजूला ठेवा.

कापलेलं आवरायचंच असेल तर सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, नीट रचा. जागा उंचवट्याची हवी. खाली दगड आणि त्यावर तुराट्या किंवा पळाट्या (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या) अंथरा, म्हणजे वाहतं पाणी खालून निघून जातं. घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) आतल्या बाजूला, बुडखे बाहेर आणि माथा निमुळता. ताडपत्रीच्या कडांवर नुसते दगड ठेवून भागत नाही. वादळी वारा आधी येतो, पाऊस मागून. ताडपत्री खुंट्यांना दोरीने बांधा. आणि ऊन पडलं की ती लगेच काढा. आमच्याकडे एका वर्षी पाऊस थोडाच झाला, पण ताडपत्री दोन दिवस तशीच राहिली. उचलली तेव्हा आतून घामेजलेली होती, सुडीत हात घातला तर गरम वाफ लागली आणि घाट्यांवर बुरशी धरली होती. पावसातून वाचलेला हरभरा आम्ही झाकून घालवला.

ज्वारी भिजली की दाणा काळा पडतो आणि भाव उतरतो. कणसं आधी खुडून आत घ्या आणि कडबाही झाका. भिजून काळवंडलेल्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही. गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत असेल, तर वाऱ्याचा इशारा असताना पाणी देऊ नका. ओल्या रानात तो लोळतो.

वसमत-हिंगोली भागात याच दिवसांत हळद शिजवणं चालू असतं. शिजवलेली हळद भिजली तर रंग जातो, म्हणून आभाळ असेल त्या दिवशी नवी हळद शिजवायला घेऊ नका. आधीची वाळत घातलेली गोळा करून झाका. कच्ची हळद जमिनीत किंवा पाल्याखाली दोन-चार दिवस थांबू शकते.

काढलेला कांदा शेतात सुकवताना पहिल्या ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकतो, पण ही पात उन्हापासून वाचवते, पावसापासून नाही. इशारा असेल तर ढीग करून झाका. भिजलेला कांदा पुन्हा सुकल्याशिवाय चाळीत भरू नका.

द्राक्षात साखर भरलेली असताना पाऊस झाला तर मणी तडकतात. घडांवरचं पाणी वेल हलक्या हाताने हलवून किंवा ब्लोअरच्या हवेने उडवा, तडकलेले मणी काढून टाका. काढणी तोंडावर असताना घाईने बुरशीनाशक मारू नका, अवशेषांमुळे माल नाकारला जातो. बेदाण्याच्या शेडला वाऱ्याच्या बाजूने कापड आधीच बांधून ठेवा.

गारपीट झालीच, तर पहिलं काम साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणं. आंबा, संत्रा, डाळिंबाच्या मोडलेल्या फांद्या कापा आणि कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पडलेली फळं बागेबाहेर नेऊन पुरा. झाडं सावरायच्या आत खतांचा मारा नको.

वीज चमकत असताना सुडी झाकायला धावू नका. झाड, मोटार, तारेचं कुंपण यांच्यापासून लांब राहा आणि जनावरं झाडाखाली बांधू नका. आसपासच्या विजेचा इशारा 'दामिनी' ॲप देतं.

सरकारी मदतीसाठी 33 टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं. शेत आवरण्याआधी बांध दिसेल असे फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. विमा असेल तर पावतीवर कोणती जोखीम धरली आहे ते आजच वाचून ठेवा. गारपिटीचं संरक्षण असलेल्या फळपीक विम्यात कळवायला 72 तासच मिळतात आणि त्या तासांत गावातली वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेलं असतं.